पुसता येणारा रंग
गेल्या आठवड्यात खोलीला डिस्टेंपर लावताना त्या ओलसर वासानं वडलांचं दौंड स्टेशनाजवळचं पेंटरचं दुकान आठवलं. तेव्हा मुंबईत दंगल पेटली होती आणि शेजारचे मुसलमान टेलरमामा भरदुपारी येऊन म्हणाले, "आप्पा, बोर्डावरलं माझं नाव तेवढं झाका." वडलांनी ऑइलपेंट बाजूला सारून मुद्दाम डिस्टेंपर घेतला. "निवळलं की वल्या फडक्यानं पुसून टाकू," म्हणाले. दौंडात साधी काचही फुटली नाही. महिन्यानं वडील फडकं घेऊन गेले, तर मामांनी त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या आप्पा, परत लागंल." "परत कशाला लागंल?" वडील चिडले. मामा परत मशीनवर जाऊन बसले. आता खोली रंगवून आठ दिवस झाले, रोज दंगलीच्या बातम्या ऐकतोय, आणि उरलेला रंग काही केल्या ओतून टाकवत नाही.