मुलासाठी धरलेला मंगळवार

मागच्या मे महिन्यात आजीला चक्कर आली होती, असं तुम्हाला सांगितलं गेलं. ती चक्कर नव्हती. दुपारच्या जेवणानंतर मी ब्रँडी घेतली होती आणि सोफ्यावर गाढ झोपले होते. तेवढ्यात तुमच्यातला धाकटा एकटाच मागच्या फाटकातून समुद्रावर गेला. भरती लागली होती. शेजारच्या वाडीतल्या गड्याने त्याला कमरेपर्यंत भिजलेला उचलून आणला, तरी मला जाग आली नाही. तुमचे आईबाबा अलिबागहून परतले तेव्हा बाबाने मला हलवून उठवलं. त्याने आवाज चढवला नाही. "आई, आता मुलांना तुझ्यापाशी एकटं ठेवणार नाही," एवढंच म्हणाला.

आजोबा गेल्यावर झोप येईना म्हणून हे सुरू झालं होतं. माझ्या घरात चमचाही जागच्या जागी असतो, तशी बाटलीही ठरलेल्या जागी असे. वेळही ठरलेली. म्हणून मला वाटायचं, हे व्यसन कसलं, ही तर शिस्त. तुम्ही परत कॅनडाला गेल्यावर मी देवासमोर तीनदा शपथ घेतली आणि तीनदा मोडली. इतकं शिकून, इतकी वर्षं घर चालवून, एवढीशी गोष्ट आपल्याला का जमत नाही, हेच मला समजत नव्हतं.

शेवटी गावदेवीला कौल लावायला गेले. आपल्याकडे देवीच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवून प्रश्न विचारतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "काकू, काय विचारू?" गुरवाने विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, "मुलाची दारू सुटेल का?" देवळात उभी राहून मी खोटं बोलले. तुमच्या बाबाने आयुष्यात बिअरसुद्धा चाखलेली नाही.

कळी पडेना. ना उजवी, ना डावी. अर्धा तास आम्ही दोघं तसेच उभे. मग गुरव माझ्याकडे न पाहता म्हणाला, "देवीचं देवी बघेल, काकू. माझी सुटली ती अलिबागला दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जाऊन. रविवारी चार वाजता शाळेच्या वर्गात भरते. पोराला आणा. नाय आला तर तुमी या, घरच्यांनाही बसू देतात." त्याच्या हातून मी वर्षानुवर्षं प्रसाद घेतला होता, आणि हे मला माहीत नव्हतं. याला कौल म्हणायचं की योगायोग, ते मला तेव्हा कळलं नाही. आजही कळत नाही.

रविवारी वही-पेन घेऊन गेले. गुरवानेच हळूच वही मिटायला लावली. तिथलं तिथेच ठेवायचं असतं. आपल्या भागात माणूस भेटला की आधी आडनाव विचारतात, मग गाव. इथे कुणी काहीच विचारलं नाही. एकेक जण उठून नुसतं नाव सांगे, "मी मद्यपी आहे" म्हणे आणि आपली हकिकत बोले. मी घरच्यांच्या बाकावर बसले, दारुड्या मुलाची आई म्हणून. शेजारी मुरुडची एक मासे विकणारी बाई होती, नवऱ्याबरोबर आलेली. दर रविवारी ती विचारायची, "काकू, पोरगा कसा हाय?" मी म्हणायचे, "आहे तसाच." ऐकताना मला रडू यायचं, आणि घरी येऊन मी बाटली उघडायचे. रडणं खरं होतं, उघडणंही खरं होतं. यातली मी कोणती, हे मात्र कळायचं नाही.

पाचव्या रविवारी ती म्हणाली, "तुमच्या पोरासाठी मी मंगळवार धरलाय. तीन झाले. पानीबी घेत न्हाय सांजेपातुर."

भर उन्हात डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरणारी ही बाई, नसलेल्या दारुड्यासाठी तहानलेली राहत होती. माझी पाळी नव्हती, तरी मी उठले. नाव सांगितलं. "मला दारुडा मुलगा नाही," म्हणाले. "मी मद्यपी आहे."

मी खाली बसले तेव्हा ती बाई माझ्याकडे वळली.

"म्हंजे माजा उपास तुमालाच लागला म्हनायचा?"

"हो."

"मंग फुकट न्हाय गेला," ती म्हणाली, आणि आपला चहाचा कप माझ्या हातात दिला.

त्यानंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडली. आठ महिने झाले. बाबाला फोनवर सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, दारुडा ठरणारच होतो, तर मी निदान एकदा पिऊन तरी बघितली असती!" आणि आम्ही दोघं हसता हसता रडलो.

त्या बाईला माझ्याकडे कुणी पाठवलं, हे मी आता शोधत नाही. आधी सगळं समजून घ्यायचं आणि मगच हात जोडायचे, असा माझा स्वभाव होता. त्या दिवशी काहीच समजलं नव्हतं, आणि हात आपोआप जोडले गेले. ते तसेच राहू देत, एवढंच मागते.

मे महिन्यात तुम्ही येणार असं बाबा परवा म्हणाला, पण मुलांपाशी आम्ही असू, असंही म्हणाला. पूर्वी मी वाद घातला असता. या वेळी "बरं" म्हणाले, आणि खरंच बरं वाटलं. तेव्हा बाळांनो, समुद्रावर जाताना हात आईबाबांचा धरा. मी मागून येते.