उणिवेचे जादा गुण

पूर्वतयारीत इतका चोख आणि प्रत्यक्ष डावात इतका कच्चा माणूस अख्ख्या नाशकात दुसरा नसावा, असे आमच्या शेजारच्या काकांविषयी मी फार पूर्वीच ठरवून टाकले होते. अंबडच्या एका कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. कॉलनीत टीव्ही यायच्या आधी, रद्द झालेल्या ड्रॉइंगांच्या पाठीवर त्यांनी स्वतःचा एक खेळ रचला होता: जंगले, भुयारे, वणीच्या गडासारखा उभा डोंगर, त्यावर राक्षस आणि पलीकडे सिंहासन. खेळणाऱ्याने आधी आपला वीर घडवायचा, म्हणजे मिळालेले गुण बळ, बुद्धी, वेग आणि मंत्रविद्या यांत वाटायचे, आणि मग फासे टाकत निघायचे. काकांचा अख्खा रविवार वीर घडवण्यातच जाई. टोकदार पेन्सिलीने लिहीत, खोडत, चहा निववत ते बसत. काकू त्यांनी टाकून दिलेलाच एखादा वीर उचलत, राक्षसाला वळसा घालत आणि सिंहासनावर जाऊन बसत. "अगं, त्याच्याशी लढायचं असतं," काका कळवळून म्हणत. "कशाला? मला पलीकडे जायचंय."

मी तेव्हा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करीत होते. एकदा मी दोघांचे वीर आपसात बदलून पाहिले. तरीही काकूच जिंकल्या. "फरक वीरात नाही काका, खेळणाऱ्यात आहे," मी म्हटले. "एका प्रयोगावरून सिद्धान्त मांडतेस? आणि म्हणे सायंटिस्ट." हा वाद आम्ही इतक्या वेळा घातला की शेवटी मला त्याचा शीण येऊ लागला, त्यांना कधीच आला नाही. त्यांच्या लाडक्या नियमापुढे तर मी हात टेकले होते. आपल्या वीराची उणीव सुरुवातीलाच सर्वांदेखत सांगितली, की तिच्या बदल्यात जादा गुण मिळत. काकांचे वीर अंधाराला भीत, नदीला भीत, आणि तरी गुणांनी गबर असत.

मग त्यांच्या कारखान्यात हेड ड्राफ्ट्समनची जागा निघाली. निवृत्तीपूर्वीची ही त्यांची शेवटची संधी होती, आणि स्पर्धेत एक बोलघेवडा तरुण होता. काकांनी महिनाभर माझ्याकडून इंग्रजीची उजळणी करून घेतली. मुलाखतीहून ते परतले तेव्हा मी त्यांच्याच ओट्यावर बसले होते.

"काय विचारलं?"

"स्वतःविषयी सांगा म्हणाले. सांगितलं. इंग्रजी बोलताना घाम फुटतो, हाताखालच्या माणसांवर रागावता येत नाही, घाईचं काम जमत नाही."

"आणि चांगलं काय सांगितलंत?"

"त्यावर ते येतील म्हणून थांबलो. त्यांनी थँक यू म्हटलं."

"मला नेलं असतं तर आणखी चार उणिवा सांगितल्या असत्या," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत.

जागा त्या तरुणाला मिळाली. मी शक्य तितक्या सौम्यपणे म्हणाले, "काका, उणिवेबद्दल गुण द्यायचे हा नियम तुमचा. तिथे तो नव्हता."

त्यांनी खरोखरच विचार केला. "मग तिथले नियम आधी सांगत का नाहीत गं?"

पुढे माझ्याही मुलाखती झाल्या, आणि त्या मला जमल्या. उणिवा विचारल्या की मी सांगत असे, मी जरा जास्तच काम करते. समोरचे खूश होत. नोकरी लागल्याचे पेढे घेऊन मी काकांकडे गेले. "काय काय विचारलं?" त्यांनी उत्सुकतेने विचारले. मी फक्त भौतिकशास्त्राचे प्रश्न सांगितले.