मंगळवारची बाई

आमचे हे अचानक गेले, तेव्हा इंग्लंडातल्या मेडनहेडमधली सगळी मराठी घरं धावून आली. डबे आणले, रडू नकोस म्हणाली आणि दुःखाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, म्हणून न बोलताच निघून गेली.

दर मंगळवारी मात्र एक इंग्लिश बाई यायची. अशा घरांना आधार द्यायला आसपासच्या बायकांनी ग्रुप काढला होता, त्यातली. हिरवं कार्डिगन घालायची, बूट न सांगता दारात काढायची. माझ्या पाच वर्षांच्या लेकीशेजारी कार्पेटवर बसून जिगसॉ लावायची. निघताना एक तुकडा तिच्या हातात द्यायची. "सांभाळ हं, मी मंगळवारी येते."

माझ्याशी अवाक्षर न बोलणारी पोर हिच्याशी मात्र खुदुखुदु हसायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा मी तिला ऐकवलंच, "आमच्यात अशा घरी परत येते म्हणत नाहीत."

ती हळूच म्हणाली, "तिचे बाबाही न सांगताच गेले ना?"

हे हिला सुचावं, मला नाही!

दुसऱ्या दिवशी कामावर निघताना मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "येते गं, पाच वाजता!"

मुठीतला तुकडा घट्ट धरून लेकीनं विचारलं, "आज ट्यूजडे आहे?"