त्या डबीत सेल नव्हते

आमच्या घरात अजून सांगतात की माझ्या धाकट्या भावाचं ऐकणं त्याच्या बायकोने घालवलं. मशीन खिशात असताना तिने सदरा भिजवला, मशीन बिघडलं आणि तो कायमचा बहिरा झाला. माझ्या नातवंडांनाही हे असंच माहीत आहे. ते खोटं आहे. खरं काय ते माहीत असलेला मी एकटाच उरलो आहे, म्हणून लिहून ठेवतो.

सत्तरनंतरची ती वर्षं. वाशीमकडच्या मालेगावजवळच्या आमच्या खेड्यात मी शिक्षक होतो. शाळा सुटली की मला एकच नाद, बिघडलेले ट्रान्झिस्टर उघडून बसायचं. घरात वीज नव्हती. डाख द्यायची तांब्याच्या टोकाची सळई शेगडीत तापवायचो, ती निवायच्या आत दोन जोड झाले तर नशीब.

माझ्यासारखे नादी आसपास चार-पाच जण होते. शिरपूरचा एक किराणा दुकानदार, वाशीमचा एक घड्याळवाला, आणि आमचे नकाशे या गावाहून त्या गावाला पोचवणारा एक एसटी कंडक्टर. सर्किटचा नकाशा कुणाकडेही असो, मागेल त्याला फुकट. नक्कल काढून घ्यायची आणि मूळ कागद पुढे पाठवायचा. अट एवढीच की आपल्याकडे काय झालं ते कागदाच्या खाली खरं लिहायचं. कुणी लिहिलेलं असे, 'कंडेन्सर बदलला, शिटी कमी झाली.' कुणी लिही, 'माझा जळाला, कारण कळलं नाही.' जळालं म्हणून लिहायला कुणी लाजत नसे.

कमी ऐकू येणाऱ्यांसाठीच्या यंत्राचा नकाशा शिरपूरहून आला, तेव्हा मला झोप येईनाशी झाली. भाऊ लहानपणी तापात बहिरा झाला होता. बोलायचा, पण एकाच सुरात. आमचे ओठ पाहून त्याला सगळं कळायचं. परक्यांचे कळत नसत. त्याच्यासाठी आलेली दोन-तीन स्थळं पाहून परत गेली होती.

मी तीन जुन्या रेडिओंचे भाग जमवले आणि साबणाच्या डबीत यंत्र बसवलं. त्याच्या कानात इअरफोनची बोंडी घालून विचारलं,

"येते का ऐकू?"

"येते ना, दादा," तो म्हणाला. आई रडायलाच लागली.

आठवडाभर तो डबी खिशात घालून गावात मिरवला. एकदा मी सेल बदलायला म्हणून काढले आणि नवे घालायचे विसरलो. तो तशीच डबी लावून माझ्यासमोर उभा. मी विचारलं,

"आवाज कसा हाय?"

"बेस हाय."

सेल माझ्या मुठीत होते. तो पाठमोरा झाल्यावर मी जोरात हाक मारली. तो चालत राहिला. माझं आणि आईचं मन मोडू नये म्हणून तो हो म्हणत आला होता. मी त्याला काही विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

मग मानोऱ्याकडचं स्थळ आलं. मुलीच्या मामाच्या मिशा ओठांवर आलेल्या, म्हणजे भावाला एक शब्द कळणार नव्हता. मी मामाच्या मागे भिंतीला टेकून बसलो आणि तो बोलेल ते आवाज न काढता ओठांनी बोलत गेलो. सेल घातले तर डबी शिट्या मारायची, म्हणून त्या दिवशी मी ते मुद्दाम घातले नव्हते.

"आमच्या पोरीचा आवाज लहान हाय, जवाई. मशीनीले झेपन का?" मामाने चेष्टा केली.

मी ओठ हलवले. भाऊ हसला. "झेपन, मामा. लहान आवाजाचंच त मशीन हाय."

सगळे हसले. चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असलेली मुलगीही हसली. उन्हाळ्यात विहारात पंचशील घेऊन लग्न झालं.

महिन्याभरात भावाची बायको डबी घेऊन माझ्याकडे आली. "भाऊजी, मशीन बंद पडलं वाटते. मांगून बोललं त यायले समजत नाही. दिवा इझवला की बोलनंच संपते."

"सेल उतरले असतील," मी म्हणालो आणि नवे घालून दिले. पुढच्या वेळी म्हणालो, तार ढिली झाली. ती दर वेळी विश्वास ठेवून जायची.

मग तो सदरा भिजला. आई अंगणात येऊन ओरडली, "माह्या पोराचे कान धुऊन टाकले वं इनं!" शेजारणी जमल्या. सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे होतं. मी डबी उघडली, पाणी ओतलं, आणि म्हणालो, "आता हे नाही होत दुरुस्त."

तेवढंच. भाऊ माझे ओठ पाहत होता. त्याने मान खाली घातली.

नकाशाच्या खाली मी लिहिलं, 'यंत्र उत्तम चाललं. पाण्याने खराब झालं.' कागद कंडक्टरबरोबर पुढे गेला. तो वाचून आणखी किती घरांत असं यंत्र केलं गेलं, मला माहीत नाही.

आई मरेपर्यंत प्रत्येक भांडणात तो सदरा निघाला. भावाच्या बायकोने कधी उलटून उत्तर दिलं नाही. तिलाही ते खरंच वाटत होतं. नवऱ्याच्या पाठीमागून ती कधी खोलीत शिरली नाही. अंधार पडला की बोलताना कंदील स्वतःच्या तोंडाजवळ धरायची.

भाऊ गेला. त्यानंतर मी तिच्याकडे गेलो. ती तुरीची डाळ निवडत होती. मी सगळं सांगितलं, काही राखलं नाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "उगी माही समजूत नोका काढू."

"खरं सांगून राह्यलो, बाई."

"म्या सोता पाह्यलं ना. मामानं इचारलं अन् यायनं हासून जवाब देल्ला. मी दारातच त उभी होती."

मी तिला आवाजाशिवाय ओठ हलवून दाखवले. ती माझ्याकडे पाहत राहिली, म्हातारा भ्रमला की काय अशी. मी म्हणालो, डबीत त्या दिवशी सेलही नव्हते.

ती उठून आत गेली. भावाच्या फोटोमागे फडक्यात बांधलेली ती डबी घेऊन आली आणि माझ्यासमोर उघडली. आत दोन सेल होते, फुगून गंजलेले. लग्नानंतर मीच घालून दिलेले.

"हे पाहा," ती म्हणाली, "हायेत ना सेल." आणि डबी पुन्हा फडक्यात बांधू लागली.