चतुराबाईचं मनगट

रंगनाथने ओझरच्या कारखान्यात आयुष्यभर विमानांचे नट आवळले, पण बायकोचा हात चारचौघांत कधी धरला नाही. पिंपळगावात तशी रीतच नाही. आता म्हातारपणी मात्र तो भरल्या एसटीत तिचं मनगट धरून बसला होता. बघतात लोक, तर बघू दे!

चतुराबाईला छातीचा कॅन्सर. डावीकडचं ऑपरेशन झालं, मग नाशिकला केमो सुरू झाली. दुसऱ्या केमोनंतर तिच्या पोटात पाण्याचा घोटही ठरेना. तिसरीला त्याने कशीबशी आणली, तर वॉर्डातच ती म्हणाली, "ही शेवटची. मरण आलं तरी चालंल, पण आता मी येत नाय." आणि चतुराबाई एकदा नाही म्हणाली, की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकायची नाही.

तेव्हा हर्षाली सिस्टरने त्याला शिकवलं. उलटीच्या गोळ्या चालूच ठेवायच्या. जोडीला उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या रेघेपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मधे अंगठ्याने दाबायचं. ऑपरेशनच्या बाजूचा हात दाबायचा नाही. "मळमळीला थोडा आराम पडतो, आजोबा. आजार नाही जात त्याने," तिने आधीच सांगून टाकलं.

अडचण निघाली हिरव्या बांगड्यांची. ऑपरेशननंतर त्या उजव्याच हातात राहिल्या होत्या, आणि नेमक्या त्याच जागी घसरून यायच्या.

"काढ ना त्या," एसटीत रंगनाथ म्हणाला.

"तुम्ही समोर बसलेले, अन् हात रिकामा करू? केस गेले, छाती गेली. एवढं तरी राहू द्या. मला भरल्या हातानंच जायचंय."

जायचं म्हणजे कुठं, ते त्याला कळलं. त्याने एका हाताने बांगड्या सरकवून धरल्या आणि दुसऱ्याने दाबत राहिला. पण नट आवळणारा हात तो! ओझर यायच्या आतच दोन बांगड्या वाढल्या. चतुराबाईने काचा पदरात वेचल्या. तेवढ्यात मळमळ पुन्हा उसळली, तशी तिने उरलेल्याही उतरवून त्याच्या हातात दिल्या.

"दाबा," ती म्हणाली.

संध्याकाळी तिने दोन घास मऊ भात खाल्ला, आणि तो पोटात राहिला. "येते पुढच्या टायमाला," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

रंगनाथने तिच्याकडे पाहिलं. डोकं बोडकं, हात रिकामे, कुंकू घामाने पुसलेलं. अगदी विधवा दिसत होती. मग ध्यानात आलं, ती खरंच अशी दिसायची तर आपण आधी जायला हवं. देवाजवळ कधी काही न मागितलेल्या त्या माणसाने उष्टं ताट हातात धरून मागितलं, तसंच होऊ दे.