पदराला लागलेली निलगिरी

आमच्या घरात आजारापेक्षा औषधांचाच वास जास्त यायचा. आई-वडील गेल्यापासून शुक्रवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत आत्याचं राज्य होतं. पोट दुखलं की ओवा, डोकं दुखलं की सुंठीचा लेप, ताप आला की गवती चहा, आणि काहीच होत नसलं तर ‘पुढं काय होऊ नये म्हणून’ काढा. माणूस बरा झाला तर औषधानं, नाही झाला तर त्यानं पथ्य मोडलं म्हणून. अशा शास्त्राला हरवणार कोण? मी तोंडावर मान डोलवायचो आणि मनात हसायचो.

पण माझी अक्कल तरी कसली! मी गिरणीच्या कचेरीत कारकून. आमच्या साहेबाच्या रुमालाला निलगिरीच्या तेलाचा वास यायचा, म्हणून तेवढंच मला खरं औषध वाटे. मुळ्या-पाल्याला हसणारा मी, बाटलीवरच्या छापील कागदापुढं मात्र हात जोडायचो.

धाकटी बहीण सुगीला वळसंगला गेली आणि खळ्यावरच्या धुळीनं खोकला घेऊन आली. साधाच खोकला. पण त्याच आठवड्यात तिला बघायला करमाळ्याची माणसं यायची होती. गिरणीच्या गावातली पोरगी खोकली म्हणजे क्षय, हे पाहुण्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. पाटावर बसून ती एकदा जरी खोकली असती तरी स्थळ गेलं असतं, आणि पुढचं स्थळ आलंच नसतं.

घरात लढाईची तयारी सुरू झाली. अडुळशाचा काढा, हळदीचं दूध, छातीला लसूण घालून कढवलेलं तेल, गालात ज्येष्ठमध. “गिळू नगंस, नुसतं चघळ,” आत्या दटावायची. शेवटी मी माझी बाटली काढली आणि बहिणीच्या पदराच्या टोकावर अर्धी रिकामी केली.

“खोकला आला की पदर नाकाला लाव,” मी म्हणालो.

“लाजल्यागत बी दिसंल,” आत्या म्हणाली. एवढ्या वर्षांत आमचं पहिल्यांदाच एकमत झालं.

बहीण खोकली नाही. विचारलेल्याला नीट उत्तरं दिली, मधूनमधून पदर नाकाशी नेला. मी स्वतःवरच खूश होऊन बसलो होतो. तेवढ्यात मुलाच्या आईनं नाक वर केलं.

“ह्यो दवाखान्याचा वास कुटनं येतोय वो? कोन आजारी हाय का घरात?”

खोकला लपवायला निघालेल्या आम्ही शहाण्यांनी घराचा दवाखाना करून ठेवला होता, आणि त्यातच राहून आमची नाकं मेली होती. आत्या माझ्या तोंडाकडं बघू लागली. माझी बायको चहाचं ताट घेऊन दारात उभी होती.

“ही,” मी तिच्याकडं बोट करून म्हणालो. “हिला जरा खोकला असतो.”

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मग ताट खाली ठेवलं, तोंडाला पदर लावला आणि खोकली. इतकी छान खोकली की क्षणभर मलाच खरं वाटलं.

चहाला कुणी हात लावला नाही. “पोरगी ठणठणीत हाय की,” मुलाची आई उठताना म्हणाली. “सुनंचं तेवढं बगा.” स्थळ जमलं.

बहिणीचा खोकला पुढं आपोआप गेला. आत्या म्हणे अडुळशानं, मी म्हणे निलगिरीनं. लाज कशी ती नाहीच. आम्ही त्यावरून भांडलोसुद्धा.

लग्नात करमाळ्याला बायकोला पंगतीच्या टोकाला, सगळ्यांपासून लांब बसवलं. पाण्याचा तांब्याही वेगळा. मी चार पानं सोडून बसलो होतो आणि जिलेबी खात होतो. परतताना मोटारीत ती म्हणाली, “अवं, आता मला कवा बरं करताय? का अजून कुनाचं लगीन ऱ्हायलंय?”

“तिला एक मूल होऊ दे,” मी म्हणालो, “मग सांगतो सगळ्यांना.”

बहिणीला मुलं झाली, मोठी झाली. मी सांगितलेलं नाही. अजूनही तिच्या घरी आम्ही गेलो की बायकोसाठी तो वेगळा तांब्या निघतो. बहीण तो स्वतः घासूनपुसून, भरून आणते, तिच्यापुढं ठेवते, आणि माझ्याकडं न बघता आत जाते.