चौथ्या फोटोखालची ओळ

मी भाजे सोडलं त्या सकाळी मला माळवली स्टेशनवर पोचवायला फक्त सदा आला, माझा धाकटा भाऊ. काठी टेकत, उजवा पाय जरा बाहेर फेकत तो चालत होता. त्याच्या चालीने चालावं की पुढे निघून जावं, हेच मला ठरवता येत नव्हतं. आई दारापर्यंत आली. आबा, म्हणजे आमचे वडील, तालमीतून बाहेर आले नाहीत. गाडी आली तेव्हा सदा एवढंच म्हणाला, "पोचल्याव कागद धाड, दादा." त्याचा तो पाय दोन महिन्यांपूर्वी मीच अधू केला होता.

आबा गावचे वस्ताद. भाताची खाचरं आणि तालीम, एवढंच त्यांचं जग. सदा त्यांच्यावर गेलेला, अंगाने भरलेला, शांत, मातीत रमणारा. माझा पाय कुठेच ठरत नसे. मॅट्रिक झालो, शेतात मन लागेना, म्हणून लोणावळ्याला वलवणच्या वाटेवर एका गेस्ट हाउसात नोंदवही लिहायला लागलो. तिथे एक परदेशी खलाशी चार दिवस राहून गेला आणि त्याच्या खोलीत एक इंग्रजी पुस्तक राहिलं, थाई बॉक्सिंग शिकवणारं. कोणी मागायला आलं नाही. शेवटी मालक म्हणाले, घेऊन जा.

पानोपानी फोटो होते. आखूड चड्डीतला एक काटक माणूस गुडघ्याने, कोपराने, नडगीने मारत होता. प्रत्येक फोटोला आकडा आणि खाली बारीक अक्षरात दोन-तीन ओळी. माझं इंग्रजी नोंदवहीपुरतं. शब्दकोशात चार शब्द शोधले की कंटाळा यायचा. फोटो समोर दिसत असताना ओळी कशाला वाचायच्या, असं मला वाटायचं.

गोठ्यामागे आंब्याला भाताच्या तुसाचं पोतं टांगून मी लाथा मारायला लागलो. आईला ते बघवत नसे. "अन्नाचं पोतं हाय रं ते, पाय नगं लावूस," म्हणायची. आबांनी एकदा पुस्तक चाळलं आणि परत दिलं. "कुस्तीत मानूस मानसाला उचलतो. ह्यात नुसतं हाणायचं. लाथ ही काय इद्या हाय व्हय?"

"मातीत लोळण्यापेक्षा बरी," मी म्हणालो. ते उठून तालमीकडे गेले.

गावची जत्रा जवळ आली होती. सदाची पहिली मोठी कुस्ती ठरलेली. तो पहाटे उठून जोर-बैठका काढायचा आणि मी त्याच्याकडे बघून आणखी चिडीने पोतं बडवायचो. पोतं काही समोरून येत नाही, मला जिवंत माणूस हवा होता. एका दुपारी मी त्याला म्हणालो, उभा राहतोस का? तो हसला. "हाण."

तिसऱ्या फोटोत त्या माणसाचे दोन्ही पाय जमिनीवर होते, चौथ्यात त्याची नडगी समोरच्याच्या मांडीवर. मधे काय होतं ते मी माझ्या मनाने ठरवलं होतं. पाय जितका वर जायला हवा होता तितका गेलाच नाही. सदाच्या गुडघ्याच्या बाजूला बसला. आवाज फारसा झाला नाही. सदा खाली बसला आणि माझ्याकडे बघत राहिला, मी काहीतरी विचारलंय आणि त्याला उत्तर सुचत नाहीये, तसा.

हाडवैद्याने ओढून बांधलं. पुढे डॉक्टर म्हणाले, चालेल, पण कुस्ती विसरा. आबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलले ते एवढंच, "तू म्होरं आलास की मला त्याचा पाय दिसतो. जा कुटंतरी."

गेस्ट हाउसचा जुना स्वयंपाकी जहाजावर लागला होता. त्याच्या ओळखीने मीही मालवाहू जहाजाच्या भटारखान्यात भांडी घासायला लागलो. पुस्तक बरोबर होतं. समुद्रात टाकायला तीनदा डेकवर नेलं आणि तीनदा परत आणलं.

बँकॉकला जहाज बरेच दिवस थांबलं. बंदराजवळ पत्र्याच्या शेडमध्ये पोरं सराव करायची. तिथे शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे 'ख्रू' म्हणत. ख्रू म्हणजे गुरूच. त्यांनी खुणेने सांगितलं, पोत्याला लाथ मार. मी मारली, गोठ्यामागे मारायचो तशीच. पोरं हसली. ख्रू हसले नाहीत. ते वाकले आणि त्यांनी माझ्या पायाची टाच धरून फिरवली. मारायच्या पायाची नव्हे, जमिनीवरच्या. मग पुन्हा खूण केली. टाच फिरली तशी कंबर फिरली आणि पाय आपोआप वर गेला, जिथे बसायला हवा तिथे बसला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला सदाचा गुडघा दिसला.

तसाच जहाजावर आलो आणि पुस्तकातला चौथा फोटो उघडला. खालची ओळ शब्दकोश घेऊन पहिल्यांदा पुरी वाचली. उभ्या पायाची टाच आधी फिरवावी, न फिरवल्यास लाथ खाली घसरते आणि समोरच्याचा गुडघा जातो, असं स्वच्छ छापलं होतं. वर्षभर ती ओळ माझ्या उशाशी होती.

करार संपल्यावर मी बँकॉकलाच उतरलो. एका पंजाबी कापडवाल्याने दुकानात ठेवून घेतलं, कागदपत्रंही करून दिली. दिवसभर गठ्ठे उचलायचे, संध्याकाळी ख्रूंकडे जायचं. आता मी भात चमच्याने खातो आणि स्वप्नात कधी कधी थाई बोलतो. माझी घरमालकीण कशावरही 'माय पेन राय' म्हणते, म्हणजे असू दे, काही हरकत नाही. मला ते शब्द येतात, पण तोंडातून निघत नाहीत.

सदाला मी सगळं लिहून कळवलं, टाचेसकट. महिन्याने उत्तर आलं. "कागद मिळाला. टाचेचं समजलं. लावणी झाली. आई बरी आहे." मी चिडलो. त्याने दोन शिव्या लिहिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सहा वर्षांनी भाज्याला गेलो. आबा थकले होते, तालीम सदा बघत होता. तिसऱ्या दिवशी अंगणात बसल्या बसल्या आबा अचानक म्हणाले, "दाव ती लाथ."

मी हवेतच मारून दाखवली. माझा पाय वर गेला, पण आबांची नजर खालीच होती.

"टाच," ते म्हणाले. "कुस्तीत ढाकंचा डाव मारताना आमची बी अशीच फिरती. इचारलं असतंस तर सांगितलं असतं."

ज्या विद्येला मी मातीत लोळणं म्हटलं होतं, तिच्यात हे होतं, माझ्या घरात, हाकेच्या अंतरावर.

संध्याकाळी सदा मला खाचरांकडे घेऊन गेला. बांधावर बसताना त्याने पाय हाताने उचलून सरळ केला. मी बघत होतो. तो म्हणाला, "दादा, आल्यापासनं माज्या गुडघ्याकडं बगतुयास. माज्या तोंडाकडं बग की."

मी बघितलं. त्याच्या गालाला आईसारखी खळी पडते, हे मी विसरूनच गेलो होतो. पण फार वेळ बघता आलं नाही. पाचव्या दिवशी मी काहीतरी निमित्त काढून परत निघालो.

तुम्ही जे गावात राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही काहीतरी मिळवायला गेलो. आणि माझ्यासारखे जे गेलेत त्यांना माहीत आहे, आमच्यातले कितीतरी एखाद्या माणसासमोर उभं राहता येईना म्हणून गेले. भाज्याला असलो की माझे पाय बँकॉककडे ओढतात, आणि इथे गठ्ठे उचलता उचलता मी मनाने खाचरांच्या बांधावर असतो. घर म्हणजे माझ्या लेखी आता सदाचं तोंड आहे. ते जिथे असेल तिथे मला बसायला शिकायचं आहे, पाच दिवसांपेक्षा जास्त.

त्याने यंदा विचारलंय, लावणीला येतोस का. उत्तराचा कागद समोर आहे. 'येतो' लिहून झालंय. किती दिवस, ते लिहायचं राहिलंय.